भेटीची पुस्तके आणि सार्वजनिक ग्रंथालय: मुळशीच्या निमित्ताने एक आढावा

मुळशी तालुक्याची पूर्व कड आता पुण्याला येऊन भिडली आहे. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत गेली. हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि तिथल्या नोकरदारांचे गृहप्रकल्प उभे राहिले. भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत इमारतींची रांग लागली. पौड ओलांडून पश्चिमेला गेले की चित्र पालटते. धरणाकाठची विखुरलेली गावे, कोळवण आणि मुठा खोऱ्यातल्या वाड्या, आणि पुढे ताम्हिणीचा घाट. पूर्वेकडच्या घरांत पुस्तके साठली आहेत आणि ठेवायला जागा नाही. घरातले वडीलधारे माणूस जाते, मुले परदेशी स्थायिक झालेली असतात, घर विकायला निघते आणि दोन-तीन कपाटे भरून असलेल्या पुस्तकांचे काय करायचे, असा पेच घरच्यांपुढे पडतो. पश्चिमेकडच्या वाचनालयांना आणि शाळांना पुस्तके हवी आहेत. देणारा आणि घेणारा यांच्यात तास-दीड तासाचे अंतर. तरीही भेट आलेली खोकी महिनोन्‌महिने बांधलेलीच पडून राहतात आणि वाचकाने मागितलेले पुस्तक मात्र कपाटात नसते, हा महाराष्ट्रभरच्या लहान ग्रंथालयांचा अनुभव आहे.

सार्वजनिक ग्रंथालयाने भेटी आणि देणग्या कशा घ्याव्यात, यावर ग्रंथपाल, कार्यकर्ते, संशोधक आणि दाते बराच काळ बोलत आले आहेत. या चर्चेचा रोख बहुधा ‘घ्यावे की नाकारावे’ एवढ्यावरच राहिला. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. भेट स्वीकारली त्या क्षणी ग्रंथालयाच्या अंगावर एक जबाबदारी येते. ती कोणी, कोणत्या लेखी नियमाने आणि कोणाच्या खर्चाने पेलायची हे आधी ठरले, तर बाकीचे बरेच वाद निवळतात. हे म्हणणे तपासण्यासाठी आधी इतिहास, मग निरनिराळ्या भूमिका आणि शेवटी अजून न सुटलेले प्रश्न, असा क्रम घेतो.

देणगीवर उभी राहिलेली चळवळ

महाराष्ट्रातली जुनी ग्रंथालये सरकारी आदेशाने निघालेली नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. गावातल्या शिकल्या-सवरल्या मंडळींची वर्गणी, एखाद्या अधिकाऱ्याचा आश्रय आणि घरातून आणून दिलेली पुस्तके यांवर ती उभी राहिली. मुंबईत देणगीचा आकडा मोठा होता आणि तिच्यासोबत नावही येई. डेव्हिड ससून यांच्या ६०,००० रुपयांच्या देणगीतून त्यांच्या नावाच्या ग्रंथालयाची इमारत १८७० मध्ये पुरी झाली. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, आणि त्या मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव लागले. मराठी पुस्तकांचा ध्यास घेतलेल्या संस्था नंतर आल्या. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघाले, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले तेव्हा रा. गो. भांडारकरांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह संस्थेच्या स्वाधीन केला.

याच काळात बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी वेगळी वाट धरली होती. विल्यम बॉर्डन यांना १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावून त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गावकऱ्यांनी जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम स्थानिक मंडळाने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा तिथला हिशेब होता. देणगीला सरकारी जोड मिळे आणि सरकारी पैशाला गावाची राखण मिळे. या तत्त्वाची आठवण आजही ठेवावी, कारण आपल्याकडे पुढे जे घडले त्यात हा तोल राहिला नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आणि अनुदानाचे नियम १९७० चे. १९४८ च्या मद्रास कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर होता. महाराष्ट्राने तो घेतला नाही. ग्रंथालये स्वयंसेवी संस्थांनी चालवायची, शासनाने मान्यता आणि परिरक्षण अनुदान द्यायचे, ही व्यवस्था ठरली. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. बारा हजारांच्या घरात ग्रंथालये या छत्राखाली आली, यातले यश नाकारण्याचे कारण नाही. पण पैशाचे गणित पाहावे. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ते ४८,००० झाले, म्हणजे महिन्याला ४,०००. त्यात ग्रंथपालाचे मानधन, जागेचे भाडे, वीज, वर्तमानपत्रे आणि उरल्या पैशात पुस्तके. दोनशे पानांचे मराठी पुस्तक आज तीनशे रुपयांच्या आसपास पडते, हे ध्यानात घेतले तर भेट पुस्तकांवाचून अशा ग्रंथालयाचा संग्रह वाढणार कसा, हा प्रश्न उरतोच. चर्चा या जमिनीवर उभी राहून करायला हवी.

येईल ते घ्यावे

पहिली भूमिका उदार हाताची आहे आणि तिच्यामागे नुसती गरज नाही. आज क्षुल्लक वाटणारे छापील कागद उद्याचे साधन होतात, हा तिचा मुख्य आधार. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. अशी सूची होऊ शकली, कारण निरनिराळ्या ग्रंथालयांनी आणि संग्राहकांनी निवड न करता पुस्तके सांभाळली होती. पंचांगे, नाटकवह्या, शालेय क्रमिक पुस्तके, जातीसभांचे अहवाल यांना त्या-त्या वेळी कोणी मोलाचे म्हटले नसते. आज एकोणिसाव्या शतकाचा सामाजिक इतिहास लिहिणारा माणूस हेच आधी मागतो.

मुळशीला हा मुद्दा अधिकच लागू आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी केलेला सत्याग्रह हा या तालुक्याचा मोठा वारसा. राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर सविस्तर लिहिले. अशा लेखनाला आधार लागतो तो त्या काळच्या वर्तमानपत्रांचा, पत्रकांचा, आठवणींचा. भूसंपादनाच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, उठलेल्या गावांतल्या देवस्थानांच्या वह्या घराच्या माळ्यावर असतील तर त्यांना पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेपेक्षा तालुक्यातलेच ग्रंथालय जवळचे वाटेल. तिथे ‘आम्ही फक्त निवडक पुस्तके घेतो’ असे उत्तर मिळाले, तर ते कागद रद्दीत जातील आणि पुन्हा मिळणार नाहीत. कथा-कादंबरीची दुसरी प्रत बाजारात मिळते, या कागदांची मिळत नाही.

या भूमिकेत आणखी एक सामाजिक बाजू आहे. पुस्तक देणाऱ्याला आपण गावाच्या ग्रंथालयाचे कोणी लागतो असे वाटते, तो पुढे वर्गणीदार होतो, वार्षिक सभेला येतो, प्रसंगी पैसाही देतो. त्याला दारातून परत पाठवले तर हा धागा तुटतो. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असे अनेक कार्यकारी मंडळांचे म्हणणे असते आणि त्यामागे माणसे जोडण्याचा खरा अनुभव असतो.

निवडून घ्यावे

दुसरी भूमिका ग्रंथपालांची आहे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सांगते की पुस्तके उपयोगासाठी असतात, आणि चौथे वाचकाचा वेळ वाचवायला सांगते. कपाटात नको असलेली पुस्तके दाटली की हवे असलेले सापडायला वेळ लागतो, आणि नवा वाचक पहिल्या कपाटापासूनच मागे फिरतो.

भेट पुस्तक फुकट असते, ही समजूत एका पुस्तकामागचे काम पाहिले की टिकत नाही. खोके उघडायचे, पुस्तक झटकायचे, पानांत वाळवी किंवा कसर आहे का ते पाहायचे. मधली पाने गळालेली नाहीत ना, हे तपासायचे. ग्रंथालयात त्याची प्रत आधीच आहे का ते पाहायचे. मग दाखल नोंदवहीत दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत, कोणाकडून मिळाले आणि शेरा इतके रकाने भरायचे. शीर्षकपानावर, ठरवलेल्या गुप्त पानावर आणि शेवटच्या पानावर शिक्का मारायचा, वर्गांक घालायचा, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, तालिकेत नोंद करायची आणि मग कपाटात जागा शोधायची. पाऊण हजार पुस्तकांचा घरगुती संग्रह एकदम आला, तर अर्धवेळ काम करणाऱ्या एकट्या ग्रंथपालाचे काही महिने त्यातच जातात. त्या काळात वाचकांची देवघेव कोण पाहणार?

मुळशीत हवामानही या बाजूने बोलते. तालुक्याच्या पश्चिम भागात, विशेषतः ताम्हिणीकडे, पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भिंती ओलावतात, लोखंडी कपाटांना आतून घाम येतो, आणि बुरशी धरलेले एक पुस्तक शेजारच्या पुस्तकांना बाधते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली स्वस्त कागदावरची पुस्तके तर आधीच पिवळी पडून ठिसूळ झालेली असतात. अशी खोकी न तपासता आत घेणे म्हणजे चांगल्या संग्रहाला धोक्यात घालणे, हा ग्रंथपालांचा आक्षेप रास्त आहे.

काय येते, हाही प्रश्न आहे. भेटीत स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके भरपूर येतात. तालुक्यातल्या तरुणांची मागणीही त्यांनाच असते, पण महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केल्यावर जुन्या वस्तुनिष्ठ संचांचा उपयोग बराच घटला. तेच संच नव्या उमेदवाराच्या हाती पडले तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते. वकिलाच्या घरून आलेल्या भारतीय दंड संहितेच्या टीकाग्रंथांचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालतात. म्हणजे ते ग्रंथ लगेच टाकाऊ होत नाहीत, पण ते गावच्या वाचनालयात ठेवायचे की तालुका न्यायालयाजवळ, हे कोणीतरी जाणत्याने ठरवायला हवे. समारंभात हार-तुऱ्यांऐवजी पुस्तके देण्याची प्रथा चांगली आहे, मात्र तिच्यातून त्याच चार-पाच लोकप्रिय पुस्तकांच्या प्रती पुन्हा पुन्हा जमतात. पदपथावर घेतलेल्या चोरट्या छपाईच्या प्रतीही भेटीत येतात. त्या कपाटात ठेवणे हा लेखक-प्रकाशकावर अन्याय आहे आणि कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीनेही ते गैर ठरते.

निवडीवरचा आक्षेप असा की निवडणाऱ्याची आवड किंवा मते संग्रहावर लादली जातील. तो हलका नाही. लहान गावात कार्यकारी मंडळ एका गटाचे असू शकते, आणि ‘जागा नाही’ हे कारण नावडत्या विचारांची पुस्तके परत पाठवायला पुरते. यावर उपाय म्हणजे निवडीचे निकष लिहून भिंतीवर लावणे. ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘इफ्ला’ने, २००८ मध्ये भेट संग्रहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचाही भर लेखी धोरणावरच आहे. प्रत फाटकी आहे, दुसरी प्रत आहे, माहिती कालबाह्य आहे, ही कारणे कोणीही तपासू शकतो. लेखकाचे मत पटत नाही, हे कारण लेखी निकषांत बसवता येत नाही, आणि म्हणून निकष लेखी असण्याला महत्त्व आहे.

पुस्तके नकोत, पैसे द्या

तिसरी भूमिका गेल्या पंधरा-वीस वर्षांत बळावली. दात्याने आपली जुनी पुस्तके देण्याऐवजी रक्कम द्यावी आणि वाचकांच्या मागणीनुसार नवी पुस्तके घ्यावीत, असे ती सांगते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना याचा ठळक दाखला. विनायक रानडे यांच्या कल्पनेतून २००९ मध्ये ती सुरू झाली. दात्यांच्या पैशातून निवडक शंभर पुस्तकांची एक पेटी तयार होते, ती सुमारे ३५ वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. या रचनेत देणाऱ्याची भावना आणि वाचकाची गरज दोन्हींची सोय लागते. वाढदिवसाला किंवा कोणाच्या स्मरणार्थ पेटी देता येते, आणि पेटीत काय असावे हे जाणकार ठरवतात. भिलारच्या पुस्तकांच्या गावातही, ४ मे २०१७ रोजी ते सुरू झाले तेव्हा, सुमारे १५,००० पुस्तके निवड करून घराघरांत मांडली गेली होती. परदेशात ‘बुक एड इंटरनॅशनल’ ही १९५४ पासूनची संस्था आता प्रकाशकांकडून आलेली कोरी पुस्तकेच आफ्रिकेतल्या आणि इतर ग्रंथालयांना पाठवते.

कायदाही पैशाच्या बाजूला झुकलेला आहे. आयकर कायद्याखालची देणगीची सवलत रकमेच्या देणगीला मिळते, वस्तुरूप देणगीला नाही. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये उभारणे हे सामाजिक दायित्वाचे काम म्हणून नावानिशी नोंदले आहे. हिंजवडी आणि पिरंगुटच्या मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, म्हणून मुळशीला ही वाट खुली आहे.

तरी ही भूमिकाही जशीच्या तशी घेता येत नाही. कंपनीचा निधी प्रकल्पापुरता आणि वर्षापुरता येतो. कपाटे, संगणक, रंगरंगोटी यांना तो सहज मिळतो, ग्रंथपालाच्या पगाराला मिळत नाही. उद्घाटनानंतर तिसऱ्या वर्षी दार उघडायला माणूस नसेल तर कोरी पुस्तकेही जुन्या खोक्यांइतकीच निरुपयोगी. शिवाय नव्या पुस्तकांच्या खरेदीने ‘येईल ते घ्यावे’ म्हणणाऱ्यांचा मूळ मुद्दा सुटत नाही. मुळशी सत्याग्रहाचे पत्रक पैशाने दुकानात मिळत नाही. म्हणून पैसा आणि पुस्तक यांना पर्याय समजण्याऐवजी प्रत्येक ग्रंथभेटीसोबत तिच्या देखभालीचा थोडा पैसा मागावा, हे मला अधिक योग्य वाटते. अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. इमारतीचा पैसा देताना जागा गावाने द्यावी आणि दरवर्षी देणगीच्या दहा टक्के इतका चालू खर्च गावाने उचलावा, अशी त्यांची अट असे. आपल्याकडे हीच अट उलट्या दिशेने घालावी लागेल. मोठा संग्रह देणाऱ्याने, ऐपत असेल तर, कपाट आणि नोंदणीचा खर्च द्यावा. ऐपत नसेल तर ग्रंथालयाने तो दुसऱ्या दात्याकडून मिळवावा. खर्च कुठून येणार हे ठरण्यापूर्वी संग्रह मात्र उतरवून घेऊ नये.

अटी आणि नावे

मोठ्या भेटीसोबत अटी येतात. संग्रह एकत्र ठेवा, कपाटावर वडिलांचे नाव घाला, पुस्तके घरी देऊ नका, या तीन नेहमीच्या. एकत्र ठेवण्याच्या अटीला अभ्यासाच्या दृष्टीने अर्थ असू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संग्रहातली जी पुस्तके मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे आली, ती विषयवार विखुरली असती तर त्यांच्या वाचनाचा माग काढणे अवघड झाले असते. पण प्रत्येक घरगुती संग्रहाला ही फूटपट्टी लावता येणार नाही. तसे केले तर एकाच विषयाची पुस्तके दहा नावांच्या दहा कपाटांत जातील आणि वाचकाला दहा ठिकाणी शोधावे लागेल. पुस्तके विषयाप्रमाणे लावावीत, प्रत्येकावर दात्याच्या नावाची चिठ्ठी असावी आणि नोंदवहीतून संपूर्ण संग्रहाची यादी केव्हाही काढता यावी, ही तडजोड पुष्कळ ठिकाणी चालते आणि बहुतेक दात्यांना ती समजावून सांगितली तर पटतेही.

कायद्याचे इथे थोडे लक्षपूर्वक वाचन व्हायला हवे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १२२ प्रमाणे दान पूर्ण होण्यासाठी घेणाऱ्याचा स्वीकार लागतो, आणि तो दात्याच्या हयातीत व्हावा लागतो. खोके व्हरांड्यात ठेवून गेलेल्याने ग्रंथालयावर काही लादले, असे होत नाही. कलम १२७ अधिक बोलके आहे. एकाच दानात अनेक वस्तू असतील आणि त्यांतल्या एखादीवर बोजा असेल, तर घेणाऱ्याला सगळे घ्यावे लागते किंवा सगळे सोडावे लागते. निवडक चांगली पुस्तके घेऊन अट विसरून जाणे, ही सोय कायदा देत नाही. म्हणून स्वीकाराच्या पावतीवरच दोन ओळी हव्यात: पुस्तके ठेवणे, दुसऱ्या ग्रंथालयाला देणे किंवा विकणे याचा अधिकार ग्रंथालयाकडे राहील, आणि कोणतीही वेगळी अट लेखी मान्य केल्याखेरीज बंधनकारक होणार नाही. प्रचारासाठी गठ्ठ्याने येणारी पंथांची, पक्षांची वा व्यक्तिगौरवाची पुस्तके याच नियमात बसवता येतात. एक-दोन प्रती ठेवाव्यात, कारण तोही समाजाचा दस्तऐवज आहे. पन्नास प्रतींचे ओझे घ्यायला ग्रंथालय बांधील नाही.

बाहेर जाणारी पुस्तके

आत घेण्याचा निर्णय कधीतरी बाहेर काढण्याच्या निर्णयाशी येऊन मिळतो, आणि या बाजूवर सर्वांत कमी बोलले जाते. ग्रंथालय ही नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास असते. एकदा दाखल झालेले पुस्तक न्यासाची मालमत्ता होते आणि ते निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करूनच कमी करता येते. ग्रंथपालाला निरीक्षकाची धास्ती असते, मंडळाला लोकांच्या बोलण्याची. त्यात संग्रहातली ग्रंथसंख्या हा ग्रंथालयाचा वर्ग ठरवण्याचा एक निकष. फाटकी, कालबाह्य, कोणी न उघडलेली भेट पुस्तके आकड्यासाठी ठेवली जातात. २०१२ मध्ये महसूल खात्यामार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, त्यानंतर आकडे जपण्याची ही धास्ती वाढली. पडताळणीचा हेतू कागदावरची ग्रंथालये शोधण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण नुसत्या संख्येला महत्त्व मिळाले की प्रामाणिक ग्रंथालयही रद्दी सांभाळत बसते. वर्षभरात किती वाचकांनी किती पुस्तके नेली, याला संख्येइतके वजन मिळाले तर भेटींची निवड आपोआप सुधारेल, असे निवडीच्या बाजूचे लोक म्हणतात. त्यावर उत्तर असे की दुर्गम गावात वाचक कमी म्हणून देवघेव कमी, आणि मग ज्यांना अनुदान जास्त लागते त्यांचेच घटेल. हा आक्षेप खरा आहे आणि देवघेवीचा निकष गावाच्या लोकसंख्येशी जोडल्याखेरीज तो दूर होणार नाही.

विक्रीबद्दलही दोन मते आहेत. जादा प्रती विकून त्या पैशातून मागणीची पुस्तके घ्यावीत, असे काहींना वाटते. आपल्या वडिलांचे पुस्तक, त्यांच्या सहीसकट, जुन्या बाजारात दिसले तर मुलांना काय वाटेल, असे इतर विचारतात. ही भावना मला महत्त्वाची वाटते. ज्या ग्रंथालयाने घेतानाच विक्रीची शक्यता सांगितली आणि विकण्यापूर्वी कुटुंबाला परत नेण्याची संधी दिली, त्याच्यावर मात्र विश्वासघाताचा ठपका ठेवता येणार नाही.

काय बाकी आहे

काही प्रश्नांना आज कोणाकडेच पुरे उत्तर नाही. महापालिकेत गेलेल्या गावांतल्या वाचनालयांचा ग्रामपंचायतीशी असलेला जिव्हाळा संपला आणि महापालिकेशी नाते अजून जुळायचे आहे. तिथे पूर्वी दिलेल्या भेटींचे पालकत्व कोणाकडे, हे स्पष्ट व्हायला हवे. वाचनालय बंदच पडले तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. पण कोणत्या, आणि तिने नको म्हटले तर काय, हे मोकळेच आहे. दुर्मीळ भेट पुस्तकांचे संगणकीकरण करायचे तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि विस्मृतीत गेलेल्या लेखकाचे वारस शोधणे लहान ग्रंथालयाला झेपत नाही. घरगुती संग्रहांतून निघणारी खासगी पत्रे, कुंडल्या, रोजनिशा यांचे काय करावे यावर तर चर्चाच सुरू झालेली नाही. ती घरच्यांना परत द्यावीत असे एक मन म्हणते, आणि इतिहासाचा विद्यार्थी हात पुढे करून उभा असतो.

सर्वांत मोठा न सुटलेला प्रश्न छाननी कुठे करावी हा. प्रत्येक गावच्या वाचनालयाने ती करावी, हे अशक्यप्राय आहे. मुळशीपुरते पाहिले तर पौडसारख्या ठिकाणी तालुक्याच्या पातळीवर एकच स्वीकार केंद्र असावे, पूर्वेकडच्या वसाहतींतून येणारी पुस्तके तिथे उतरावीत, तपासून वर्गवारी व्हावी, बालसाहित्य शाळांकडे, कथा-कादंबऱ्या गावच्या वाचनालयांकडे, स्थानिक इतिहासाचे कागद वेगळ्या कोरड्या खोलीत आणि दुर्मीळ ग्रंथ पुण्याच्या संशोधन संस्थांकडे जावेत, असा पर्याय मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलेच पाहिजे असे २००९ पासून सांगितले आहे, त्या तरतुदीलाही यातून बळ मिळेल. गावची वाचनालये आपला निर्णयाचा अधिकार तालुक्याच्या हाती जाईल म्हणून कचरतील. त्यांना यादीतून हवे ते मागण्याचा आणि नको ते नाकारण्याचा हक्क ठेवला तर ही अडचण राहणार नाही. टेम्पोचे भाडे आणि दोन माणसांचे वेतन या अडचणी मात्र अशा शब्दांनी सुटत नाहीत. १९७० च्या नियमांत ग्रंथालयाच्या इमारतीसाठी आणि साधनसामग्रीसाठी अनुदानाची सोय आहे. भेट संग्रहांच्या छाननीसाठी वेगळे शीर्ष त्यात घालायचे की कंपन्यांच्या दोन टक्क्यांतून हा खर्च काढायचा, याचा निर्णय ग्रंथालय संचालनालय आणि तालुक्यातल्या ग्रंथालय संस्था यांनी एकत्र बसून घ्यावा लागेल.